अभिवाचनाचा व्यवसाय मराठवाड्यातून कसा सुरू करावा

आवाज चांगला आहे असे चारजण म्हणाले म्हणून ऑडिओबुकच्या वाचनाकडे वळू पाहणाऱ्यांना मी आधी एक काम सांगतो. कोणत्याही कादंबरीची चाळीस पाने एका बैठकीत मोठ्याने वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावीत आणि दुसऱ्या दिवशी पहिले व शेवटचे पान लागोपाठ ऐकावे. शेवटच्या पानावर आवाज बसलेला, वाक्याचा शेवट गिळलेला आणि गती वाढलेली बहुधा आढळतेच. श्रोता आठ-दहा तास आपल्या सोबत असतो, त्यामुळे गोड आवाजापेक्षा टिकणारा आवाज येथे अधिक मोलाचा ठरतो. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला नेमाने बसणाऱ्यांकडे ही बैठक आणि श्वासाचे भान आधीच असते.

त्यानंतर उच्चार. ‘जरा थांब’मधला ‘ज’ आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’मधला ‘ज’ वेगळा आहे. ‘माझा’मधला दंततालव्य, म्हणजे जीभ दातांलगत टेकवून म्हटलेला ‘झ’ ‘माझी’ म्हणताना तालव्य होतो, म्हणजे जीभ टाळूला लागते. आपल्या भागात ‘पाणी’चे ‘पानी’ सहज होते, म्हणून निवेदनातला ‘ण’ रोज घासून घ्यावा लागतो. मात्र त्या नादात घरची बोली पुसून टाकू नये, हे मी आग्रहाने सांगतो. कथेतली परभणीची आजी ‘कामून रं?’ असे विचारते तेव्हा तिचा हेल बाहेरच्या वाचकाला शिकावा लागतो. आपल्या कानात तो लहानपणापासून असतो. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद पात्राच्या बोलीत, हा भेद ज्याला सफाईने सांभाळता येतो, त्याला कामे मिळतात.

पुस्तक संपूर्ण वाचल्याशिवाय ध्वनिमुद्रणाला बसू नये. सुरुवातीच्या काळात मी एका पात्राला खणखणीत आवाज दिला आणि नवव्या प्रकरणात लेखकाने त्याचा घसा कायमचा बसलेला असल्याचे सांगितले. आठ प्रकरणांतले त्याचे सगळे संवाद मला पुन्हा वाचावे लागले. तेव्हापासून प्रत्येक पात्राचे वय, गाव आणि बोलण्याची लकब मी वहीत लिहितो व आवाजाचा छोटा नमुना जपून ठेवतो.

खोलीसाठी मोठा खर्च नको. पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांगाव्यात, कारण माइक आपल्या तोंडाकडे असतो आणि आपल्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाजही तो टिपतो. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात काम होत नाही. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवावा लागत असल्याने पहाटे चार ते सातची वेळ उत्तम. ऑडिबल या ऑडिओबुक सेवेसाठी ध्वनिफिती स्वीकारणाऱ्या एसीएक्स या संकेतस्थळाच्या नियमांनुसार शांततेतला, म्हणजे आपण बोलत नसतानाचा आवाज उणे ६० डेसिबलपेक्षा अधिक नसावा. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत तो मोजता येतो.

मानधन बहुधा तयार ध्वनीच्या तासावर ठरते. एका तयार तासासाठी वाचनाचेच दोन-तीन तास लागतात, संकलनाचा वेळ निराळा. म्हणून संकलन कोणी करायचे आणि दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या, हे होकार देण्यापूर्वी लेखी घ्यावे. २०१७ साली स्टोरीटेल हे ऑडिओबुकचे ॲप भारतात आले तेव्हापासून मराठी पुस्तकांना हे दालन खुले झाले आहे. नमुना पाठवताना निवेदन, संवाद आणि वैचारिक गद्य असे दोन-दोन मिनिटांचे तीन तुकडे द्यावेत, पार्श्वसंगीत जोडू नये, आणि संवादाच्या तुकड्यात आपली बोली असू द्यावी.