डेटाव्हर्स: पहिलं टेबल बनवण्याआधी काय ठरवायचं

मायक्रोसॉफ्टचं डेटाव्हर्स म्हणजे व्यवसायाचा डेटा ठेवायची क्लाउडवरची जागा. डायनॅमिक्स ३६५ मधली विक्री आणि ग्राहकसेवेची ॲप्स तिच्यावरच चालतात, आणि पॉवर ॲप्स (ॲप बनवायचं साधन), पॉवर ऑटोमेट (कामं आपोआप करून घ्यायचं साधन) वापरून स्वतःची ॲप्सही तिच्यावर उभी करता येतात. नोव्हेंबर २०२० पर्यंत तिचं नाव कॉमन डेटा सर्व्हिस होतं. जुन्या मदतपानांवर टेबलला ‘एंटिटी’, कॉलमला ‘फील्ड’ आणि रोला ‘रेकॉर्ड’ म्हटलेलं दिसेल. गोष्टी त्याच आहेत.

एक्सेलची सवय असलेला माणूस इथे आला की धडाधड टेबलं बनवत सुटतो, कारण बनवणं खरंच सोपं आहे. पण इथले काही निर्णय एकदा सेव्ह झाले की कायमचे, आणि त्यातले बरेचसे ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’च्या आत दडलेले असतात. वेळ त्यांच्यावर घालवा. लेबलं, फॉर्म, व्ह्यू नंतर कितीही वेळा बदलता येतात. उदाहरणासाठी यंत्रांच्या देखभालीचं काम घेऊ: यंत्रं, सर्व्हिस भेटी, तंत्रज्ञ आणि सुटे भाग.

एन्व्हायर्न्मेंट आणि सोल्यूशन

एन्व्हायर्न्मेंट म्हणजे ॲप्स आणि डेटा ठेवायचा स्वतंत्र कप्पा. एका एन्व्हायर्न्मेंटमध्ये डेटाव्हर्सचा जास्तीत जास्त एकच डेटाबेस असतो. कंपनीला आपोआप मिळणारं ‘डिफॉल्ट’ एन्व्हायर्न्मेंट महत्त्वाच्या कामासाठी वापरू नका: तिथे कंपनीतल्या प्रत्येकाला ॲप बनवायचा अधिकार आपसूक मिळतो आणि ते डिलीटही करता येत नाही. शिकण्यासाठी पॉवर ॲप्सचा डेव्हलपर प्लॅन मोफत आहे, त्यातून स्वतःचं वेगळं एन्व्हायर्न्मेंट घ्या.

मग थेट ‘टेबल्स’वर न जाता आधी ‘सोल्यूशन्स’ उघडा, नवं सोल्यूशन (टेबलं, फॉर्म असे घटक एकत्र बांधून दुसरीकडे नेता येणारं पाकीट) करा आणि तिथेच नवा पब्लिशर (ते बनवणाऱ्याची ओळख) बनवा. पब्लिशरचा प्रीफिक्स २ ते ८ अक्षरांचा असतो. त्यात अक्षरं आणि अंक चालतात, पण पहिलं अक्षरच हवं. हा प्रीफिक्स प्रत्येक टेबलाच्या आणि कॉलमच्या अंतर्गत नावाला चिकटतो आणि ते नाव पुढे बदलता येत नाही. ही पायरी वगळली तर सिस्टीमने दिलेला काहीतरी अगम्य प्रीफिक्स प्रत्येक सूत्रात आणि एपीआय कॉलमध्ये (दुसऱ्या प्रोग्रॅमने डेटाव्हर्सकडे केलेल्या विनंतीत) वाचत बसावं लागतं.

टेबल आणि कॉलम

‘यंत्र’ टेबल करताना मालकी विचारली जाते: ‘युजर ऑर टीम’ की ‘ऑर्गनायझेशन’. पहिल्या प्रकारात प्रत्येक रोला एक मालक असतो, त्यामुळे ‘आपापल्या नोंदी दिसाव्यात’ असा नियम लावता येतो. दुसऱ्यात एकतर सगळ्या रो दिसतात, नाहीतर एकही नाही. नंतर हे सहसा बदलता येत नाही. शंका असेल तर ‘युजर ऑर टीम’ घ्या.

कॉलमचा डेटा टाइपही एखाददुसरा अपवाद सोडला तर पक्काच. फोन नंबर ‘होल नंबर’मध्ये ठेवायचा मोह आवरा: त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे, म्हणजे बरेचसे दहा अंकी नंबर मावतच नाहीत, आणि सुरुवातीचं शून्य उडतं ते वेगळंच. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो आकडा टेक्स्टमध्ये ठेवावा.

तारखेचं प्रकरण जास्त छळतं. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) साठवली जाते आणि ‘युजर लोकल’ वर्तन असेल तर पाहणाऱ्याच्या टाइम झोनप्रमाणे दाखवली जाते. यंत्राची खरेदी-तारीख अशी ठेवली तर दुसऱ्या टाइम झोनमधल्या सहकाऱ्याला ती एक दिवस मागे दिसू शकते, आणि दोघंही आपलंच खरं म्हणतात. अशा तारखांना ‘डेट ओन्ली’ द्या. भेटीची ठरलेली वेळ मात्र ‘युजर लोकल’च हवी.

भेटीच्या क्रमांकाला ‘ऑटोनंबर’ चांगला, पण मधले आकडे गळणार नाहीत याची हमी नसते. सलग क्रमांक बंधनकारक असलेल्या बिलांना त्याच्या भरवशावर सोडू नका.

‘चॉइस’ की वेगळं टेबल, हा नेहमीचा प्रश्न. ‘नियोजित, चालू, पूर्ण’ अशी आखूड, स्थिर यादी असेल तर चॉइस. यादीतल्या प्रत्येक गोष्टीला स्वतःची माहिती असेल, जसं तंत्रज्ञाचा फोन आणि त्याचं कौशल्य, तर टेबल.

नाती

‘सर्व्हिस भेट’ टेबलात ‘यंत्र’ नावाचा लुकअप कॉलम (दुसऱ्या टेबलातल्या रोकडे बोट दाखवणारा) टाकला की एका यंत्राला अनेक भेटी असं नातं तयार होतं. खरा निर्णय पुढे आहे: यंत्र डिलीट केलं तर भेटींचं काय? काहीच न निवडता मिळणाऱ्या ‘रेफरेन्शियल, रिमूव्ह लिंक’मध्ये भेटी राहतात, पण त्यांचा लुकअप रिकामा होतो, ती भेट कुठल्या यंत्राची हे मग कळत नाही. ‘पॅरेंटल’ निवडलं तर यंत्राबरोबर सगळ्या भेटीही जातात, आणि मालक बदलला तर तो बदलही खालपर्यंत झिरपतो. ‘रेफरेन्शियल, रिस्ट्रिक्ट डिलीट’मध्ये भेटी असेपर्यंत यंत्र डिलीटच होत नाही. देखभालीचा इतिहास जपायचा असेल तर तिसराच पर्याय बरोबर. चुकून दाबलेल्या डिलीटने वर्षांचा इतिहास जाण्यापेक्षा एखादा एरर मेसेज परवडला.

भेट आणि सुटे भाग यांचं नातं अनेकास अनेक आहे. ‘मेनी-टू-मेनी’ तयार मिळतं, पण त्याच्या पोटातल्या लपलेल्या जोडटेबलात तुमचा कॉलम घालता येत नाही. भेटीत दोन बेअरिंग लागली की चार, हे लिहायला जागाच उरत नाही. त्यामुळे ‘वापरलेला भाग’ असं तिसरं टेबल स्वतः करा: दोन लुकअप आणि एक ‘नग’ कॉलम.

परवानग्या

इथे हमखास घडणारा प्रकार असा: बनवणाऱ्याला सगळं दिसतं, ॲप शेअर होतं आणि बाकीच्यांना फक्त एरर येतो. कारण नवं टेबल ‘बेसिक युजर’सारख्या तयार रोलमध्ये (रोल म्हणजे परवानग्यांचा संच) आपोआप जात नाही. ‘तंत्रज्ञ’ नावाचा रोल करा आणि प्रत्येक टेबलासाठी हक्क आणि त्याची पातळी ठरवा. पातळी ‘युजर’पासून ‘ऑर्गनायझेशन’पर्यंत असते. उदाहरणार्थ, यंत्रावर ‘रीड’ ऑर्गनायझेशन पातळीला, भेटीवर ‘क्रिएट’, ‘रीड’ आणि ‘राइट’ युजर पातळीला.

एवढं दिलं तरी भेट सेव्ह होत नाही, आणि लोक इथेच अडकतात. लुकअप भरण्यासाठी दोन आणखी हक्क लागतात: भेटीवर ‘अपेंड’ आणि यंत्रावर ‘अपेंड टू’.

एकाला दोन रोल दिले तर परवानग्यांची बेरीज होते. एका रोलने दिलेलं दुसरा रोल काढून घेऊ शकत नाही, त्यामुळे सुरुवात कमीत कमी हक्कांनीच करा. आणि तपासणी स्वतःच्या ॲडमिन खात्यातून करण्यात अर्थ नाही. साधा रोल असलेलं एक चाचणी-खातं ठेवा.

डेटा भरणं

आधी यंत्रं आणि तंत्रज्ञ, मग भेटी, शेवटी वापरलेले भाग. उलट क्रमाने गेलात तर लुकअपला जोडायला काही सापडत नाही. इम्पोर्टच्या आधी यंत्राच्या सिरियल नंबरवर ‘ऑल्टरनेट की’ (दोन रोंत सारखी चालत नाही अशी ओळख) बनवा, म्हणजे डेटाफ्लो (बाहेरून डेटा आणणारी प्रक्रिया) पुन्हा चालवला तरी तीच रो अपडेट होते, दुसरी तयार होत नाही. की लगेच लागू होत नाही. तिचा इंडेक्स मागे बनत असतो, आणि टेबलात आधीच दुबार नंबर असतील तर तो फेल होतो. रिकाम्या नंबरांना ही की अडवत नाही. सिरियल नंबरात तिरकी रेघ, ‘&’ किंवा ‘+’ असेल तर वेगळेपण राखलं जातं, पण त्या कीवरून वेब एपीआयने रो शोधणं किंवा अपडेट करणं चालत नाही.

कॅनव्हास ॲपमध्ये (पॉवर ॲप्समध्ये स्क्रीन स्वतः मांडून बनवलेलं ॲप) सर्व्हरला न झेपणारं सूत्र वापरलं की ॲप पहिल्या ५०० रोंवरच हिशेब करतं (सेटिंगमधून २,००० पर्यंत वाढवता येतं) आणि चालवताना काही बोलत नाही. चाचणीच्या तीस रोंवर सगळं बरोबर दिसतं, खऱ्या डेटावर यंत्रं ‘गायब’ होतात. एडिटरमध्ये सूत्राखाली दिसणारा डेलिगेशनचा (हिशेब सर्व्हरवर सोपवण्याचा) इशारा म्हणून दुर्लक्षू नका.

पुढच्या एन्व्हायर्न्मेंटला नेताना

डेव्हलपमेंटमध्ये सोल्यूशन अनमॅनेज्ड (काम चालू असलेलं) ठेवा, टेस्ट आणि प्रॉडक्शनला (खऱ्या वापराच्या एन्व्हायर्न्मेंटला) मॅनेज्ड (तयार, वाटपासाठीचं) करून न्या. सोल्यूशनबरोबर टेबलांची रचना जाते, रो जात नाहीत. सुट्या भागांची यादी वेगळी भरावी लागते. प्रॉडक्शनमध्ये घाईघाईत फॉर्म थेट दुरुस्त केला तर तो बदल वरच्या अनमॅनेज्ड थरात बसतो आणि तुम्ही नंतर पाठवलेल्या सुधारणा त्याच्याखाली झाकल्या जातात. नवं व्हर्जन इम्पोर्ट झालं पण स्क्रीनवर फरक नाही, असं झालं की त्या घटकाचे ‘सोल्यूशन लेयर्स’ उघडून वरचा थर काढा.