मन खचलं की आधी भाकर

मुलगा दुसऱ्यांदा नापास झाला, तेव्हा मला प्रार्थनेला शब्दच सुचेनात. आजी म्हणायची, आधी जेव, झोप. तसंच करा. मग बायबलमधलं ‘पहिले राजे’ हे पुस्तक, अध्याय १९ उघडा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवदूत उपदेश करत नाही, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, तेही दोनदा!

नंतर स्तोत्र ४२ आणि ४३ वाचा, मोठ्याने. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हा प्रश्न तिथे तीनदा येतो. एकदा विचारून भागत नाही, हे गाणाऱ्यालाही ठाऊक होतं. रडू आलं तर रडा, मग पुढची ओळ घ्या.

चर्चला जायचं बळ नसेल तर मंडळीतल्या एका बाईला फोन करा. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ एवढंच म्हणा. कारण सांगावं लागत नाही.