कोडच्या आधी कागद

पीएचडीत मी गरोदर बायकांच्या रक्तदाबावर लक्ष ठेवणारं ॲप केलं. कल्पना माझी, धोक्याची सूचना केव्हा द्यायची याचे नियमही माझेच. कोड मात्र ओळखीतल्या एका प्रोग्रामरकडून पैसे देऊन लिहून घेतला. बिल होतं, करार नव्हता. पुढे एका रुग्णालयाने ॲप मागितलं, तेव्हा त्यांच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "मॅडम, कोड कोणाचा?" मी गप्प बसले.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते आणि लिहिणारा तिचा पहिला मालक असतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिला असेल तर कलम १७प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, मालकी संस्थेची. बाहेरच्या माणसाला नुसते पैसे दिले म्हणून कोडचा हक्क आपल्याकडे येत नाही. कलम १९नुसार तो लेखी आणि त्याच्या सहीनिशी घ्यावा लागतो. त्यातही मुदत लिहिली नाही तर हक्क पाचच वर्षांचा धरला जातो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. माझ्या प्रोग्रामरने मागाहून सही दिली, पण ते तीन आठवडे मला झोप नव्हती. फेलोशिपवर असाल तर संस्थेचं आयपी (बौद्धिक संपदा) धोरण प्रवेश घेतानाच वाचा. ते गाईडलाही नीट माहीत नसतं.

कॉपीराइट नोंदणीशिवायही मिळतो. तरी मी नोंदणी केली: फी पाचशे रुपये, सोबत सोर्स कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं, काहीही न झाकता. वाद झाला तर हा कागद हाताशी असतो.

पेटंटच्या आशेवर मी उगाच महिने घालवले. १९७०च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(के) नुसता प्रोग्राम आणि अल्गोरिदम वगळतं, ३(आय) निदानाच्या पद्धती. नवं उपकरण किंवा तांत्रिक यंत्रणा सोबत असेल तर वाट उरते, पण मग परिषदेत पोस्टर लावण्याआधी तात्पुरता अर्ज टाका. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर बारा महिने मिळतात.

आणि प्रश्नावल्या! दुसऱ्यांचा हक्क आपण तुडवतोय, हे आरोग्याच्या ॲपमध्ये इथेच लक्षात येत नाही. शेजारच्या विभागातल्या मित्राने स्मरणशक्तीच्या ॲपमध्ये एमएमएसई ही स्मरणशक्ती तपासायची प्रश्नावली जशीच्या तशी टाकली होती. तिच्यावर कॉपीराइट आहे, परवाना घ्यावा लागतो. नैराश्याची पीएचक्यू-९ मात्र परवानगीशिवाय वापरता येते. एमएमएसईला परवाना लागतो हे मित्राला कळलं तेव्हा निम्म्या रुग्णांची माहिती गोळा झाली होती.