स्पॅनिश शिकायला निघालात? आधी भाजीबाजार गाठा
नागपुरातून स्पेनला भाषा शिकायला जाणार असाल, तर वर्ग शक्यतो दुपारनंतरचा घ्या. सकाळ बाजारासाठी ठेवा. व्हॅलेन्सिया शहराचा मेर्कादो सेंत्राल, म्हणजे मध्यवर्ती बाजार, दुपारी 3 च्या सुमारास बंद होतो, रविवारी तर उघडतच नाही. तिथं दुकानापुढं रांग दिसत नाही, पण असते. पोचल्यावर विचारायचं, ‘किएन एस एल उल्तिमो?’ म्हणजे शेवटचं कोण? कुणीतरी ‘यो’ म्हणजे ‘मी’ म्हणतं, त्याच्यामागे आपला नंबर. गोकुळपेठ बाजारात ‘भाऊ, मले आधी द्या ना’ म्हणणाऱ्यांना हे जरा जडच जातं! पण ताटकळताना कान तयार होतो. पाव किलोला ‘क्वार्तो दे कीलो’, अर्ध्याला ‘मेदियो कीलो’. टोमॅटो मात्र स्वतः चिवडू नका. बोट दाखवून मागा.