बंद पडलेल्या कारखान्याच्या वसाहतीचा इतिहास कसा जुळवावा

सुरुवात नावापासून करा. लोकांच्या तोंडी असलेलं वसाहतीचं नाव आणि महसुली दप्तरातलं नाव अनेकदा वेगळं असतं. कराडजवळची ओगलेवाडी घ्या. ओगले काच कारखाना १९१६ साली निघाला, घरोघरचा प्रभाकर कंदील इथलाच. पण सातबारा मागायचा तो हजारमाचीचा. शिवाय ही जागा औंध संस्थानातली. संस्थान १९४८ साली विलीन झालं, तेव्हा त्याआधीचे कागद ब्रिटिश सातारा जिल्ह्याच्या दप्तरात शोधू नका. संस्थानी कागदांत मोडी निघते. वाचणारा माणूस आधीच गाठून ठेवा.

सातबाऱ्यावर आजचा मालक कळतो, जमीन कारखान्याकडे कशी आली ते कळत नाही. गट नंबरवरून जुना सर्व्हे नंबर काढा आणि फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, एकेक करत मागे जा.

सगळ्यात मोलाचा दस्तऐवज मात्र शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. प्रत्येक नोंदीतून पाचच गोष्टी उतरवा: जन्मस्थळ, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडतानाची इयत्ता, कारण. नाव आणि जात घेऊ नका, त्या कुटुंबांची ती खाजगी बाब आहे. जन्मस्थळांवरून कामगार कुठून आले ते दिसतं. दाखले किती गेले ते वर्षवार मोजा, की वसाहत कधी रिकामी होऊ लागली ते दिसतं. इथे एक चूक हमखास होते: शेवटची इयत्ता पास होऊन गेलेली मुलंही त्याच आकड्यात धरली जातात. ती वेगळी काढा. वर्षाच्या मधेच, खालच्या इयत्तेतून, एकाच घरची दोन-तीन भावंडं एका तारखेला गेली असतील, तर ते बिऱ्हाड हललेलं असतं. नावं उतरवायची नाहीत, म्हणून भावंडांची खूण रजिस्टर समोर असतानाच करा.

जुन्या कामगारांना ‘कारखाना कधी बंद पडला?’ असं विचारलंत तर प्रत्येक जण वेगळं साल सांगेल, आणि कुणीच खोटं बोलत नसेल. भट्टी विझणं, शेवटचा पगार, वीज तुटणं, यंत्रांचा लिलाव या चार वेगळ्या तारखा आहेत. प्रत्येक स्वतंत्र विचारा. साल आठवत नसेल तर ‘त्या वर्षी दिवाळीला बोनस मिळाला होता का?’ असं विचारा. भोंग्याच्या वेळाही टिपा, पाळ्या किती होत्या ते त्यावरून कळतं.

चाळींचा नकाशा दोघांकडून वेगवेगळा काढून घ्या. एकत्र बसवलंत तर मोठ्या आवाजाच्या माणसाचाच नकाशा हाती येतो. नळ, रेशन दुकान आणि फाटक दोन्ही नकाशांत जुळलं, की मगच बाकीच्या खोल्या भरायला घ्या.