गाडीत स्टिरिओ आणि अलार्म बसवण्यापूर्वी

गाडीत नवा स्टिरिओ, अँप्लिफायर आणि चोरीविरोधी अलार्म बसवायला निघालेल्या माणसाने दुकानाची पायरी चढण्याआधी एक आकडा कागदावर लिहून घ्यावा. गाडी बंद करून, दारे लॉक करून अर्धा तास उलटल्यावरही तिच्या बॅटरीतून किती मिलिअँपिअर करंट जात असतो, हा तो आकडा. मी तो घेतला नव्हता. गणपतीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या एका दुकानातून फिटिंग झालेली गाडी ताब्यात घेतली, घरी येईपर्यंत गाणी ऐकली, सोसायटीत गाडी लावून रिमोटचे बटण दाबले, सायरनने एकदा चिवचिवाट केला आणि आम्ही रेल्वेने कोकणात निघून गेलो. गौरी-गणपतीचे विसर्जन आटोपून पहाटे परतलो तेव्हा रिमोट दाबून काही होईना. त्याच सकाळी आईला वाशीला न्यायचे होते. रिमोट वर घरात टाकून किल्लीने दार उघडले, शेजाऱ्यांच्या गाडीवरून जम्पर केबल जोडली आणि वीज मिळताच, आपण अजून पहाऱ्यावर आहोत हे लक्षात ठेवलेला अलार्म पहाटे सव्वापाचला किंचाळू लागला. तो बंद करायचे गुप्त बटण कोठे बसवले आहे हे मला ठाऊक नव्हते. रिमोट आणायला लिफ्टने वर जाऊन खाली येईपर्यंत तिन्ही विंगचे दिवे लागले होते.

कारण अगदी क्षुल्लक निघाले. अँप्लिफायरला चालू हो, बंद हो असा इशारा देणारी निळी-पांढरी वायर स्टिरिओच्या मागे आखूड पडली, म्हणून कारागिराने ती जवळच्या पिवळ्या वायरला जोडून दिली होती, आणि पिवळ्या वायरीत किल्ली काढल्यावरही बारा व्होल्ट असतात. गाणी व्यवस्थित वाजत होती, पण अँप, म्हणजे अँप्लिफायर, रात्रंदिवस जागा होता. नंतर मोजले तेव्हा ६४० मिलिअँपिअर भरले. हा करंट चोवीस तास गेला तर दिवसाला पंधरा अँपिअर-तासांहून अधिक होतात, आणि छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे सव्वादोन दिवसांत पूर्ण रिकामी. स्टार्टर फिरवण्याची ताकद तर त्याच्याही आधीच संपते. मी रोज गाडी वापरत असतो तर हे महिनाभर कळलेही नसते आणि शेवटी दोष बॅटरीवर आला असता.

म्हणून मोजणी कशी करायची ते नीट सांगतो. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारापर्यंत जाण्याची गरज नाही, ठाण्यात स्टेशनजवळ इलेक्ट्रिकलच्या दुकानांत मिळतो. मात्र त्याला दहा अँपिअर डीसीची वेगळी खाच असली पाहिजे आणि लाल पिन त्याच खाचेत घातली पाहिजे, कारण मिलिअँपिअरच्या खाचेत घातली तर आतला बारीक फ्यूज उडतो आणि मीटर शून्य दाखवून तुम्हाला खोटा दिलासा देतो. वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारे स्वस्तातले क्लॅम्प मीटर बहुधा फक्त एसी करंट वाचतात, ते येथे निरुपयोगी. बॉनेट उघडावे, एका खिडकीची काच खाली ठेवावी, दारे लावून लॉक करावीत, आणि नव्या अलार्मचा बॉनेटखालचा स्विच असेल तर तो दाबून बांधून ठेवावा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी निगेटिव्ह केबलच्या क्लॅम्पला आधी लावावी आणि मगच तो क्लॅम्प खांबावरून सरकवावा, म्हणजे वीज मध्ये तुटत नाही आणि झोपी जाऊ पाहणारे गाडीचे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट पुन्हा जागे होत नाहीत. मीटर मध्ये असताना किल्ली फिरवायची नाही, इंजिन तर मुळीच चालू करायचे नाही. सुरुवातीला आकडा अँपिअरमध्ये दिसेल, त्याने घाबरू नये. वीस-तीस मिनिटांत तो पायरीपायरीने उतरतो. मूळ गाडी साधारणपणे ५० मिलिअँपिअरच्या आत स्थिरावते. अलार्मने त्यात दहा-वीसची भर घातली तर चालेल. शंभराच्या पुढे गेला तर कोठेतरी काहीतरी जागे आहे, असे समजून एकेक फ्यूज उपसत जावे आणि कोणत्या फ्यूजला आकडा पडतो ते पाहावे. हे एकदा फिटिंगच्या आदल्या दिवशी करावे आणि एकदा फिटिंगनंतर. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्यावरून वाद घालता येत नाही. दुकानदार सरळ म्हणतो की गाडीच तशी आहे.

बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर आधी तिची तपासणी करून घ्यावी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास भरले पाहिजेत, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. मरायला टेकलेल्या बॅटरीवर नवा अँप लादून मग अँपला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

खरेदीबद्दल थोडक्यात. डबल डिन, म्हणजे दुप्पट उंचीच्या, स्टिरिओची जागा १८० बाय १०० मिलिमीटरची असते. मोठा अँड्रॉइड स्क्रीन घ्यायचा असेल तर आपल्या मॉडेलची फ्रेम मिळते का ते आधी पाहावे. गाडीच्या मूळ वायरिंगला कात्री लावू देऊ नये. प्रत्येक कंपनीच्या गाडीसाठी वायर न कापता जोडणी करणारा तयार कपलर मिळतो, त्याची किंमत गाण्यांच्या एका पेनड्राइव्हएवढी असते, आणि तो न वापरता वायर कापल्या की विजेच्या बिघाडाच्या वॉरंटीवर पाणी सोडावे लागते. बाजारातल्या स्टिरिओत पिवळी वायर सदैव चालू, लाल किल्लीबरोबर चालू, काळी अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडायची) आणि निळी-पांढरी अँपच्या इशाऱ्याची, अशी रूढी आहे. पण ही रूढी स्टिरिओच्या बाजूची, गाडीच्या बाजूला कोणता रंग कशाचा हे मीटर लावूनच ठरवावे. अँड्रॉइड स्क्रीन घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : किल्ली फिरवताच दोन सेकंदांत स्क्रीन उजळावा म्हणून ही यंत्रे पूर्ण बंद न होता नुसती डुलकी घेतात, आणि त्या डुलकीचा करंटही बॅटरीतूनच जातो. सेटिंगमध्ये किती वेळाने पूर्ण बंद व्हायचे ते ठरवता येत असेल तर कमीत कमी वेळ ठेवावा. सांगायची गोष्ट पुन्हा तीच : मोजल्याशिवाय हे कळत नाही.

अँपची ताकद खोक्यावर छापलेल्या हजार-दोन हजार वॉटवर जोखू नये, आरएमएस वॉट, म्हणजे अँप सतत देऊ शकतो ती ताकद, पाहावेत. चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॉट म्हणजे २०० वॉट. जुन्या पद्धतीचा एबी वर्गाचा अँप तेवढेच जवळजवळ उष्णतेत घालवतो, म्हणून बॅटरीकडून तीसेक अँपिअर ओढतो, तर डी वर्गाचा अठरा-वीसमध्ये भागवतो. केबल त्या हिशेबाने घ्यावी आणि तांब्याचीच घ्यावी. ब्लेडने खरवडल्यावर आत चंदेरी दिसले तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे, ते परत द्यावे. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. हा फ्यूज अँपसाठी नसतो, केबलसाठी असतो : केबलचे आवरण कोठे पत्र्यावर घासून उघडे पडले तर आग लागू नये म्हणून, आणि म्हणूनच तो अँपजवळ डिकीत लावून उपयोग नाही. इंजिनाच्या बाजूने आत येताना केबल रबरी ग्रोमेटमधूनच, म्हणजे भोकाच्या कडेत बसणाऱ्या कडीतूनच, यावी. उघड्या भोकातून आणली तर पहिल्याच पावसाळ्यात पायाखालची मॅटिंग ओली होते, आणि ठाण्याचा जुलै पाहिलेल्याला याहून अधिक सांगायला नको. अर्थची वायर आखूड असावी, पत्र्याचा रंग खरवडून घट्ट बोल्टने आवळलेली असावी. पॉवर केबल गाडीच्या एका बाजूने आणि ऑडिओच्या आरसीए वायर दुसऱ्या बाजूने न्याव्यात, नाहीतर इंजिनाचा वेग वाढेल तशी स्पीकरमधून शिट्टी वाढते. आणि निळी-पांढरी वायर आखूड पडली तर ती सोल्डर करून, वर हीट श्रिंकची, म्हणजे तापवल्यावर आकसणारी, नळी चढवून लांब करावी. पिवळीला जोडू नये. कारागीर समोर असतानाच ती कोठे गेली आहे ते डोळ्यांनी पाहावे.

एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना कोणी हात लावू नये. बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटे थांबल्याशिवाय स्टिअरिंगजवळ किंवा पुढच्या काचेच्या कडेच्या खांबाजवळ काम सुरू करू देऊ नये. यावर चर्चा नाही.

आता अलार्म. सेंट्रल लॉक मूळ गाडीतच असेल तर त्याला निगेटिव्ह इशारा लागतो की पॉझिटिव्ह, हे कारागिराला ठाऊक आहे का ते विचारून घ्यावे. उत्तराला वेळ लागला तर दुकान बदलावे. इंजिन बंद पाडणारा रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) फक्त स्टार्टरच्या वायरीत घालून घ्यावा. तो पेट्रोल पंपाच्या किंवा इग्निशनच्या वायरीत घालण्याची काही जणांना हौस असते, पण तीन-चारशे रुपयांचा तो रिले गायमुखच्या घाटात, मागे कंटेनर असताना सुटला तर चालत्या गाडीचे इंजिन बंद पडते. स्टार्टरच्या वायरीत असेल तर फार तर गाडी सुरू होणार नाही. हादरा ओळखणाऱ्या शॉक सेन्सरची संवेदनशीलता दुकानात टपली मारून ठरवू नये. घोडबंदर रस्त्याला लागून असलेल्या सोसायट्यांत रात्री अवजड वाहने जातात, मेट्रोच्या कामाची यंत्रे चालतात, आणि यांत्रिक स्टॅक पार्किंगमध्ये वरचा पाळणा खाली उतरला की खालच्या सगळ्या गाड्या हादरतात. म्हणून दोन-तीन रात्री आपल्याच जागेवर गाडी ठेवून स्क्रू थोडा थोडा फिरवत सेन्सर मंद करावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि सायरन तिच्या कितीतरी वर असतो. सोसायटीच्या सभेत मी ते ऐकून घेतले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९वा नियम वेगवेगळ्या सुरांत वाजणाऱ्या हॉर्नला मनाई करतो, म्हणून हॉर्नच्या जागी संगीत वाजवणाऱ्या जोडण्या घेऊ नयेत. सायरनचे तोंड खाली असावे, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. अलार्म तात्पुरता झोपवायचे व्हॅले बटण कोठे लपवले आहे ते स्वतः दाबून पाहावे आणि घरातल्या निदान आणखी एका माणसाला दाखवावे.

अलार्म हे असे यंत्र आहे की ज्याचे कामच गाडी बंद असताना जागे राहण्याचे आहे. स्टिरिओत चूक झाली तर बहुधा आवाज बिघडतो आणि ती कळते. अलार्मची चूक, माझ्या अँपच्या वायरीसारखीच, बॅटरी संपेपर्यंत गप्प असते. म्हणून मी पुन्हा आकड्यावर येतो. आदल्या दिवशीचा घेतला का? नसेल तर दुकानात काम सुरू होण्याआधी अर्धा तास थांबून घ्यावा, आणि अर्धा तास थांबू देणार नाही अशा दुकानात काम करून घेऊ नये.

काम सकाळी दहाला सुरू होईल असे पाहावे. संध्याकाळी पाचला गाडी लावली की साडेआठनंतर सगळ्यांचे हात घाईचे होतात, आणि वायर आखूड पडते ती नेमकी तेव्हाच. सणाच्या आधीचा आठवडा टाळावा, दसऱ्याच्या आधीचा तर नक्कीच. समोर बसावे, चहा मागवावा, डोअर पॅडच्या क्लिपा तुटल्या तर नव्या बसवायला सांगावे. काम संपल्यावर कारागीर म्हणेल, साहेब, काही होत नाही, निर्धास्त जा. तेव्हा मीटर काढावा, दारे लॉक करावीत आणि अर्धा तास बसावे. पैसे दुसरा आकडा लिहून झाल्यावर द्यावेत.

बाकीचे भराभर. सर्व दिवे, वायपर, रिव्हर्सचा सेन्सर, मागची काच तापवणारी तार तपासून घ्यावी. दोन्ही रिमोट चालतात का ते पाहावे, जास्तीच्या बॅटऱ्या घ्याव्यात. साधी किल्ली दाराच्या कुलपात फिरते का, हे वर्षातून एकदा तरी पाहावे, नाहीतर गंज धरतो. बिल पक्के घ्यावे आणि विमा कंपनीला कळवून ही उपकरणे पॉलिसीत लिहून घ्यावीत. अलार्मला पुण्याच्या एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेची मान्यता असेल तर सवलत मिळते का तेही विचारावे. जुना स्टिरिओ परत मागून घ्यावा. दोन्ही आकडे आणि तारीख लिहिलेला कागद ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवावा. गावाला निघण्याच्या आदल्या रात्री मीटर पुन्हा लावावा.