पेशीश्वसनातील ऊर्जा तापमापीवर कशी पाहावी

पेशीश्वसन, म्हणजे पेशीने अन्नातून ऊर्जा मिळवण्याची क्रिया, शिकवताना बहुधा चुन्याची निवळी दुधाळ करून दाखवली जाते. त्या प्रयोगातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो हे कळते, परंतु ऊर्जा मुक्त होते हे मात्र केवळ ऐकून मानावे लागते. म्हणूनच मला अंकुरलेल्या बियांचा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. त्यात ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने प्रत्यक्ष वाचता येते.

दोन सारखे थर्मास निम्म्याहून अधिक भरतील इतके वाटाणे रात्रभर भिजवावेत आणि मोड येईपर्यंत ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. मग त्यांचे दोन समान भाग करून एक भाग दहा मिनिटे उकळावा आणि पूर्णपणे थंड होऊ द्यावा. उकळल्यामुळे विकरे, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, निकामी होतात आणि पेशी मरतात, त्यामुळे हा भाग तुलनेसाठी उपयोगी पडतो.

यानंतरची पायरी अनेकजण गाळतात आणि तिथेच प्रयोग फसतो. मेलेल्या बियांवर जिवाणू आणि बुरशी झपाट्याने वाढतात, त्याही श्वसन करतात आणि त्यांच्या उष्णतेने उकळलेल्या बियांचा थर्मासही तापू लागतो. हे टाळण्यासाठी दोन्ही भाग सौम्य ब्लीचच्या द्रावणात काही मिनिटे बुडवून स्वच्छ पाण्याने नीट धुवावेत. हे करताना हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही रसायन मिसळू नये.

बिया भरल्यावर तापमापीचा फुगा बियांच्या मधोमध येईल अशी ती बसवावी. ताप मोजण्याची तापमापी येथे चालत नाही, कारण तिची मोजणी साधारण ३५ अंशांपासून सुरू होते. तोंडाशी घट्ट बूच न लावता कापसाचा सैल बोळा बसवावा आणि थर्मास उलटा करून स्टँडला पक्का बांधावा, म्हणजे हवेपेक्षा जड असलेला कार्बन डायऑक्साइड खाली निघून जातो आणि बियांना ऑक्सिजन मिळत राहतो. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी दोन्ही थर्मासचे आणि खोलीचे तापमान लिहून ठेवावे. जिवंत बियांचे तापमान वाढत जाते, तर उकळलेल्या बियांचे खोलीच्या तापमानाच्या आसपास राहते. तिसऱ्या दिवशी तेही वाढू लागले आणि कुजका वास आला, तर जंतू शिरले असे समजावे.

आता ही उष्णता येते कोठून, ते पाहू. एक मोल, म्हणजे १८० ग्रॅम, ग्लुकोजचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाले तर सुमारे २,८०० किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते. ज्वलनात ती एकदम बाहेर पडते. पेशी मात्र ती टप्प्याटप्प्याने सोडवून घेते. पेशीद्रवात ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू बनतात आणि एटीपीचे, म्हणजे पेशीला लगेच वापरता येणारी ऊर्जा साठवणाऱ्या संयुगाचे, निव्वळ दोन रेणू हाती लागतात. पायरुविक आम्ल तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म अंगकात, गेल्यावर, मुख्यतः जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या रासायनिक क्रियांच्या चक्रात, त्यातील कार्बन डायऑक्साइड सुटतो. मोकळे झालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरील प्रथिनांच्या साखळीतून पुढे सरकत शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होते. या प्रवासातील ऊर्जेवर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात, आणि ते परत येताना एटीपी बनवणारे विकर एखाद्या चक्रासारखे अक्षरशः फिरते. जुन्या पुस्तकांत ग्लुकोजच्या एका रेणूमागे ३८ एटीपी असा आकडा दिसतो, परंतु आता तो ३० ते ३२ मानला जातो. उरलेली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, आणि तापमापीत चढलेला पारा तिचाच असतो.

पहिली नोंद पूर्ण झाल्यावर काही जिवंत बिया बरणीत पाण्याखाली बुडवून एक-दोन दिवस ठेवाव्यात. ऑक्सिजन संपल्यावर पेशी किण्वनावर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज तोडण्यावर, येतात, एका ग्लुकोजमागे केवळ दोन एटीपी मिळतात, आणि झाकण उघडताच अल्कोहोलचा मंद वास जाणवू शकतो.